तुझा हात कुठे वर झाला असता

भास्कर, तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली. मांडववाला कापड सोडून घेऊन गेला. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. आता बोलणारे गेलेत तर मी बोलते. माझी नात लिहून घेतेय. मधेच थांबते, म्हणते, आजी, हे पण लिहू का? लिही म्हटलं. मेलेल्या माणसाविषयी सगळे गोडच लिहितात. आपलं तसं नव्हतं. तू माझ्याशी कधी गोड बोलला नाहीस आणि मी तुझ्याशी नाही.

तू कुठे जन्मला, काय शिकला, कितीदा निवडून आला, ते पेपरात आलं. त्यात माझं काय काम? मला एकच विचारायचंय. मंगळवारी पंचायत समितीत सभापतीवर अविश्वास ठराव होता. हात वर करून मत द्यायचं. तू त्याच्या आधीच, शनिवारी गेलास. ठराव एका हातानं पडला. म्हणजे बठ्ठं, सगळंच, तुझ्या हातावर अडलं होतं. तो हात धरून मी तुला चालायला शिकवलं. पण मंगळवारी तो कुठे वर झाला असता, ते मला माहीत नाही. माझी झोप त्यानं गेलीय, तू गेलास त्यानं नाही. माणूस जातो. आपण लई जाताना पाहिलेत.

बाप गेला तेव्हा तू मायच्या पोटात होतास. माय कापूस वेचायला जायची, तुला कोण धरणार? मी दुसरीतून उठले आणि तुला कडेवर घेतलं. माझी शाळा तू खाल्लीस, असं मी तुला चिडवायची. तू म्हणायचास, "अक्का, तू शिकली असती तर कलेक्टर झाली असती, आणि मग माझंच ऐकलं नसतं."

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नाल्याच्या कामावर खडी फोडायची. सरकारी सुकडी, ते खायचं पीठ, वाटायचे, तिच्या रांगेत तू उभा राहायचास. मुकादम आपल्या ओळखीच्या माणसांना मधेच घुसवायचा. तू एवढासा, त्याच्या धोतराला धरून म्हणालास, "मुकादम, रांग म्हंजे रांग." त्यानं कानाखाली दिली. तू रडला नाहीस. दुसऱ्या दिवशी कोळशानं जमिनीवर रेघ ओढलीस, रेघेच्या मागे उभं राहायचं म्हणालास. लोक हसले, पण उभे राहिले. त्याच्या पुढच्या दिवशी त्यानंच सकाळी येऊन रेघ ओढली. आपल्या माणसांच्या पायापासून.

आपलं भांडण तिथून सुरू झालं बघ. तू म्हणायचास रेघ पाहिजे. मी म्हणायची, रेघ ओढणारा कोण ते आधी बघ. माणूस पारख, रेघेचं काय एवढं.

माझे मालक गेले तेव्हा दिरांनी मला शेतातून काढलं. बाईमाणसाला काय करायचं शेत, म्हणाले. तू आलास, आमच्या ओट्यावर बसलास आणि उठलाच नाहीस. जेवायला बोलावलं तर म्हणालास, "कायद्यात विधवेचा वाटा शे. तो आधी, जेवण मग." थोरल्या दिराला शेवटी लाज वाटली. वाटा मिळाला. त्यावर मी आजवर जगले, कोणापुढे हात पसरला नाही. तुझे उपकार मी तोंडानं कधी बोलले नाही, आता बोलते. पण तू तेव्हाही छाती काढून म्हणालास, "पाह्यलं अक्का, कायद्यानं काम केलं." मी म्हटलं, "कायद्यानं नाही रे. तू ओट्यावर बसला म्हणून झालं. कायदा तर तू यायच्या आधीही होताच, तो कुठे येऊन बसला होता?" तू हसलास. पटलं नाही तुला.

मग तू पंचायत समितीत निवडून गेलास. कोणालाच बहुमत नाही. दोन पक्ष एक झाले, त्याला आघाडी म्हणायचं. निवडणुकीत ज्यांनी एकमेकांच्या आया-बहिणी काढल्या ते एका सतरंजीवर बसले. नाना सभापती झाले. नाना तुझ्याच पक्षाचे, बोलायला मऊ. समोरच्या बाजूला आबा. आबांकडे गाड्या, आबांचं हायवेला हॉटेल, आणि आबांचं गोड हसणं. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, मऊ माणसाचा भरवसा नाही आणि गोड माणसाचा तर नाहीच. तू म्हणालास, "मग अक्का, राहिलं कोण?"

निवडीच्या आधी मेंबर लोकांना सहलीला नेतात, ते तुला आवडायचं नाही. नाव देवदर्शनाचं आणि कोंडायचं हॉटेलात. फोन काढून घ्यायचे. सकाळी नाश्ता, दुपारी नाश्ता, दारावर पोरं बसलेली. लग्नातल्या नवरदेवाची तरी एवढी राखण नसते. तू गेला नाहीस. म्हणालास, मला राखायचं तर माझ्या गावानं राखावं, माझ्या घरात. आणि मग तुझ्या डोक्यात तो नियम शिरला.

मला तू बसून समजावलं होतंस. मी शेंगा निवडत होते.

"देख अक्का, एकटा मेंबर फुटला तर त्याची खुर्ची जास. पण पुरेसे जण मिळून गेले, तर ते फुटले असं धरतच नाहीत. त्यांना वाट काढून देतो कायदा."

"म्हंजे एकटा गेला तर चोर, आणि घोळक्यानं गेले तर वऱ्हाड?"

तू मांडीवर हात मारून हसलास. "हाच शब्द मी मीटिंगमा सांगसू."

तुझं म्हणणं असं होतं की आघाडी करताना कलेक्टरकडे नुसती नावं देऊ नयेत, अटीही द्याव्या. कोणत्या कामासाठी एकत्र आलो, किती काळासाठी, ते आधी गावाला वाचून दाखवावं. मग जो जाईल, एकटा जावो का बठ्ठे मिळून जावोत, त्यानं आधी खुर्ची सोडावी. पुन्हा लोकांपुढे यावं. आणि त्या पाच वर्षांत त्याला दुसऱ्या बाजूकडून कुठलंच पद मिळू नये. "पद मिळत नाही म्हटलं की अक्का, न्यायला गाडीच येत नाही. गाडी येते ती पदाच्या रस्त्यानं."

मी म्हटलं, "आणि हा कायदा करेल कोण?"

"वरचे. आमदार-बिमदार."

"त्यांच्यातले किती जण गाडीत बसून आलेत?"

तू शेंगा तोंडात टाकत उठलास. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नही."

धुळ्याला शिबिर होतं, तिथे मला घेऊन गेलास. म्हणालास, अक्का, ऐक तरी, मोठे लोक काय म्हणतात. तू उभा राहून सगळं सांगितलंस, वऱ्हाडाचं पण. मंडप हसला. वर बसलेले साहेब तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, फार चांगलं, हे मी वर पाठवतो. येताना एसटीत तुझं तोंड नुसतं उजळलेलं. ते साहेब पावसाळा संपायच्या आत दुसऱ्या रंगाचा गमछा घालून टीव्हीवर दिसले. तू मला फोन केला नाहीस. मीच केला. म्हटलं, साहेबांनी पाठवलं का रे वर? तू म्हणालास, "ते स्वतःच वर गेले, अक्का."

आणि कानबाईची गोष्ट. तिथे तू मला दुखवलंस, ते सांगूनच टाकते.

श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली, मी माहेरी आले. आपल्या भावकीत देवीच्या प्रसादाचा रोट फक्त भावकीनंच खायचा. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, लग्न करून गेलेल्या लेकीलाही नाही. मला त्याचं काही नव्हतं. मायच्या काळापासून मी पुरणपोळी खाऊन गप बसायची. त्या वर्षी पाहते तर अंगणात आघाडीचे सगळे मेंबर पंगतीला. नाना मधे. आणि तू ताटात रोट वाढतोयस.

मी तुला कणगीमागे बोलावलं. "भास्कर, रोट भावकीबाहेर जास का रे?"

"अक्का, आघाडी आता भावकीच. कानबाईचा रोट खाल्ला म्हंजे फुटणार नहीत. शपथ कागदावर मोडता येस, पोटातली कशी मोडतील?"

"मग माले पण दे. मी तर एका मायच्या पोटची."

तू म्हणालास, "तू दुसऱ्या घरी गेलीस ना. नियम म्हंजे नियम."

"असं का? म्हंजे पक्षांतर काय ते मीच केलं?"

विमल, तुझी बायको, चुलीपाशी हसता हसता खोकायला लागली. तूही हसलास. पण रोट दिला नाहीस. भावकीतले म्हातारे त्या दिवशी न जेवता उठून गेले. मी घरी येताना म्हटलं, ह्यानं देवीला राजकारणात ओढलं, आता काही खरं नाही. नियमाच्या नादात तू नियम मोडलास, भाऊ. आणि जो मेंबर दोनदा मागून रोट जेवला होता, तो सगळ्यात आधी आबांकडे गेला. मग दुसरा. मग घोळका जमायला लागला. तुझ्या भाषेत वाट निघेल एवढा.

अविश्वास ठराव आला. आबांकडे एक हात कमी. सगळे म्हणायचे, भास्करभाऊ काही हलणार नाही. मी पण म्हणायची.

मग बुधवार उजाडला. मी ओट्यावर बसले होते. आमचं गाव एरंडोलच्या रस्त्यावर, तू जळगावला जाताना कधी माझ्याकडे उतरल्याशिवाय गेला नाहीस. घाई असली तरी उभ्या उभ्या पाणी पिऊन जायचास. त्या दिवशी एक मोठी पांढरी गाडी आली. काच वर. पुढच्या सीटवर तू. मी हात वर केला. गाडी हळू झाली नाही. तुझी मान दुसरीकडे होती.

आता मी मनात किती वेळा ती गाडी थांबवलीय. कधी म्हणते, तुला मी दिसलेच नसेन. काच काळी होती. कधी म्हणते, दिसले, म्हणूनच मान वळवलीस. माझ्यापुढे आलास की तुझं तोंड मी वाचते, हे तुला माहीत होतं.

विमलला तू सांगितलंस, दवाखान्यात गेलो होतो, छातीत जळजळतंय. घरात ना गोळी सापडली, ना चिठ्ठी. पण शनिवारी तू छाती धरूनच पडलास. म्हणजे दवाखान्यात गेलाही असशील. आणि गाडी कोणाची? जळगावात रिक्षा करून फिरणारा माणूस तू. कोणीतरी रस्त्यात भेटून बसवून नेलं असेल. का मुद्दाम न्यायला आलं असेल? काही बायका तर म्हणतात, भाऊला काहीतरी खाऊ घातलं. ते मी मानत नाही. तू तुझ्या अंगणात, विमलच्या डोळ्यांसमोर पडलास. मला संशय येतो तो मरणाचा नाही. बुधवारचा येतो.

गुरुवारी मी फोन केला. "काल जळगावले गयता का?"

"हो."

"कोणाच्या गाडीत?"

तू थांबलास. लई वेळ नाही, एवढाच. मग म्हणालास, "अक्का, फोनवर नको. रविवारी येतो, बसून सांगतो."

रविवारी मीच आले. तुला न्यायला चार माणसं उभी होती.

गंधमुक्तीला मांडव भरला. श्रद्धांजलीचा माईक आबांनी घेतला. डोळे पुसले, खरे पुसले का खोटे ते मला सांगता येणार नाही. म्हणाले, "भाऊंचं आणि माझं बोलणं झालं होतं. भाऊंनी मला शब्द दिला होता. तालुक्याच्या विकासासाठी ते आमच्यासोबत येणार होते. त्यांचं राहिलेलं काम आता वहिनींनी पूर्ण करावं."

नाना उठले. मऊ माणूस कधी नाही तो ओरडला. "मयताच्या मांडवात खोटं बोलता? भाऊ निष्ठावंत होते. वहिनी आमच्याकडूनच उभ्या राहतील."

मंडळी उठून उभी राहिली. कोणी आबांना धरलं, कोणी नानांना. तुझ्या फोटोचा हार खाली पडला. तेव्हा विमल बायकांमधून उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "माझ्या माणसाचं कोणी ठरवू नका. त्यांचं सगळं अक्कांना माहीत असायचं. अक्का, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

माईक माझ्या हातात दिला. मी आयुष्यात माईक धरला नव्हता. गरम होता, आबांच्या हाताचा.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. विमल बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की भास्करनं मला सांगितलं होतं, मी हलणार नाही. झालं असतं काम. मी म्हातारी, तुझी थोरली बहीण, माझं बोलणं कोणी खोटं धरलं नसतं. तुझं नाव स्वच्छ राहिलं असतं, विमलची मान वर राहिली असती. तोंडापर्यंत आलं होतं.

पण तू मला ते सांगितलं नव्हतंस. तू रविवारी येतो म्हणाला होतास.

मी आबांना विचारलं, "आबा, शब्द दिला म्हणता. कुठे दिला? कोणासमोर?"

आबांनी पाण्याचा ग्लास घेतला. "अक्का, अशा बोलण्याला कोणी साक्षीदार ठेवतं का?"

"बुधवारी तुमच्या गाडीत होता का?"

"आता गाड्यांचं काढायची ही वेळ आहे का, अक्का?"

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी नानांकडे वळले. "नाना, तुम्ही खोटं म्हणता. तुम्हाला कसं माहीत? बुधवारपासून तो तुमच्याशी बोलला?" नानांनी मान खाली घातली. "फोन लागत नव्हता," म्हणाले. निष्ठावंत म्हणाले, आणि फोन लागत नव्हता.

"अक्का, तुम्ही तुमचं सांगा," विमल म्हणाली.

मी सांगितलं. "माले माहीत नही."

विमल माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. मग हळू म्हणाली, "सख्खी बहीण ना तुम्ही?" आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला तिचा राग नाही. माझ्या जागी ती असती तर तिनं तुझ्यासाठी खोटं सांगितलं असतं, आणि ते मला आवडलंही असतं.

आता तुझ्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत ती नानांकडून उभी राहतेय. तुझ्या जागेवर बठ्ठी समिती टेकलीय, म्हणून दोन्हीकडचे घसा फोडतायत. स्टँडवर तुझा फोटो लावलाय, खाली लिहिलंय निष्ठा. गावच्या दुसऱ्या टोकाला आबांनी पण तुझाच फोटो लावलाय, त्याखाली लिहिलंय विकास. दोन्ही फोटोंत तू तसाच हसतोयस. तुझ्या त्या नियमाचं कोणीच काही लिहिलं नाही. मी नानांच्या पोराला विचारलं, भाऊचा नियम कुठे गेला रे? म्हणाला, "आजी, तो निवडणुकीनंतर बघू." धुळ्याच्या साहेबांसारखंच बोलला बघ.

भास्कर, मी तुला फुटलेला म्हणत नाही. न फुटलेलाही म्हणत नाही. लोक म्हणतात, अक्का, भावाविषयी एवढा संशय? अरे, संशय परक्यावर घेऊन काय उपयोग. परक्यावर तर भरवसाच नसतो. तू मुकादमाचा मार खाल्लेला पोरगा आहेस, माझ्या ओट्यावर बसून राहिलेला माणूस आहेस, हे मला माहीत आहे. आणि काच वर करून गेलेला माणूसही तूच. दोन्ही माझ्याच भावाची तोंडं आहेत. कोणतं शेवटचं, ते सांगायला तू थांबला नाहीस.

आयुष्यभर मी तुला म्हटलं, माणूस पारख, रेघेचं काय. तुला मी कडेवर वाढवलं. अंधारात तुझं खोकणं ओळखायची मी. आणि भर मांडवात मला तुझ्या एका हाताची हमी देता आली नाही. मग गावानं परक्या मेंबरांना कसं पारखायचं? आपलं भांडण तू जिंकलास, भाऊ. रेघ पाहिजे. फुटलं की पद नाही, एकटा असो का वऱ्हाड असो. आणि ती चोरांसाठी नको, चोर वाट काढतातच. ती तुझ्यासारख्या चांगल्या माणसासाठी पाहिजे. त्याचा एखादा बुधवार वाईट जातो, त्यासाठी.

तसा कायदा असता तर तुझ्या हाताला किंमतच आली नसती. बुधवारी तुला न्यायला कोणाची गाडी आली नसती. छातीत जळजळत होतं तर तू एसटीनं निघाला असतास, वाटेत माझ्याकडे उतरला असतास. मी पाणी दिलं असतं. आणि कुठे चाललास म्हणून विचारलंसुद्धा नसतं.